बर्वेबाई आणि मी लावलेली वाळवी

"थांबा! आधी तो हातोडा खाली ठेवा! जिराफ येणार आहे का तुमच्याकडे राहायला?"

मी स्टुलावर उभा. तोंडात दोन खिळे, हातात उसना हातोडा, आणि हवा यावी म्हणून दार सताड उघडं. त्या दारात पाच फुटांच्या, सुती साडीतल्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई उभ्या होत्या. त्या अशा काही ओरडल्या की खालच्या मजल्यावरच्या कुकरने अर्धवट काढलेली शिट्टी परत गिळली. रविवारची दुपार होती, अडीच वाजले होते. अकोल्याहून पुण्यात येऊन मला तीनच आठवडे झाले होते. पण या शहरात एक ते चार या वेळात खिळा ठोकणाऱ्याचं काय होतं, हे मला अकोल्यातच चार जणांनी बजावलं होतं. मी तोंडातले खिळे काढले आणि म्हणालो, "सॉरी काकू, झोपमोड झाली तुमची."

"दुपारी झोपतंय कोण? आणि काकू नाही, बाई. खिळा उंच मारताय तुम्ही. साडेसहा फुटांवर. भिंतीपलीकडे आवाजावरून कळतंय मला. चित्राचा मध्य डोळ्यांसमोर यायला हवा. उतरा खाली."

मी उतरलो. त्यांनी एक डोळा मिटला, अंगठा पुढे धरला आणि भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली. मग मी काय लावणार आहे ते पाहिलं. कॅलेंडरातून कापलेला स्वित्झर्लंडचा धबधबा होता. तो त्यांनी दहा सेकंद नीट निरखला.

"हे लावणार असाल तर साडेसहा फूटच ठीक आहे," म्हणाल्या आणि आपल्या घरात निघून गेल्या.

ही सिंधू बर्वे यांची आणि माझी पहिली भेट. पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या बाई. मला त्या शेवटपर्यंत 'इंगळे' म्हणायच्या, हजेरी घेताना म्हणतात तसं. आणि 'तुम्ही'. त्यांच्या तोंडचं 'तुम्ही' हे आमच्याकडच्या शिवीपेक्षा जास्त लागायचं.

काळ डॉलरचा होता. सगळ्या जगातले संगणक एका क्षणात बंद पडणार अशी आवई उठून ती फुसकी निघाली होती, आणि ते पडू नयेत म्हणून पोत्याने भरती केलेल्या आम्हा पोरांचं आता काय करायचं, हे कंपन्यांना समजत नव्हतं. आमची इमारत कर्वेनगर संपून वारजे सुरू होतं तिथे होती. तिथे बांधकामाचा वेग असा की एकदा सकाळी ऑफिसच्या बसमधून मी एका गोठ्यात म्हैस पाहिली, आणि संध्याकाळी परतलो तर त्या जागी लिफ्ट होती. म्हैस बहुधा चौथ्या मजल्यावर असावी. बाईंना या नव्या पुण्याचा राग नव्हता, त्यांना फक्त त्याचे रंग आवडत नसत. हिंजवडीतलं आमचं निळ्या काचेचं ऑफिस त्यांनी एकदा बाहेरून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरणी चांगली आहे. आतली माणसं मोरांब्यासारखी दिसतात." मी हप्त्यावर पहिली गाडी घेतली, पेढे घेऊन गेलो. त्यांनी खिडकीतून गाडी बघितली. "कसला रंग हा?" मी म्हणालो, "सिल्व्हर, बाई." "नाही. ओल्या पत्र्याचा आहे," म्हणाल्या, आणि पेढा खाल्ला.

रंगांची कंपन्यांनी दिलेली नावं त्यांना मान्यच नव्हती. त्यांच्याकडे ओल्या गोणपाटाचा रंग होता, फोडणीत जळलेल्या मोहरीचा रंग होता, पोस्टातल्या बाकाचा रंग होता. भाजीवाल्याच्या टोपलीसमोर त्या एक डोळा मिटून अंगठा धरायच्या, तेव्हा तो बिचारा आपोआप वांग्यांचा ढीग नीट रचायचा. त्यांची दुसरी खोड अशी की कुणालाही कोणतीही गोष्ट त्या एकदाच सांगत. "दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली तर समजावं, पहिल्यांदा ऐकायचं नव्हतं," असं त्यांचं म्हणणं. ही खोड मला पुढे फार महागात पडली.

पण बाई खऱ्या कळायच्या त्या कार्तिकात.

नदीपलीकडे एका जुन्या विद्यापीठाचं कलासंग्रहालय आहे. साहेबाच्या काळातली काळ्या दगडाची इमारत, वर मनोरा, आत सागवानी तुळया आणि माणूस उभा आत जाईल एवढ्या खिडक्या. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, माझ्या पुतणीचा तिथला प्रवेश अजून व्हायचाय. पूर्वी तिथे चित्रकलेचे वर्ग भरायचे आणि बाई त्या वर्गांत शिकल्या होत्या. बाहेरच्या लोकांना तिथे फक्त मंगळवारी सोडत, तेही पंधरा दिवस आधी कुलसचिवांना अर्ज केला तर. सबंध पुण्यात असा अर्ज करणाऱ्या बाई एकट्याच असाव्यात. दरवर्षी कार्तिकातल्या एका मंगळवारी त्या तिथे जात आणि त्या भेटीचा आराखडा महिनाभर आधी तयार होई. तो पाठकोऱ्या कागदावर, पट्टीने आखून. मी पाहिलाय तो. गडावर हल्ला करायचा असता तरी एवढी तयारी लागली नसती. घरून किती वाजता निघायचं, पाणी कुठे प्यायचं, घडीचं स्टूल कोणत्या फरशीवर मांडायचं, सगळं लिहिलेलं. "तीन दहाला पहिलं चित्र. तीन चाळीसला दुसरं. चार दहाला तिसरं." कारण कार्तिकात बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी दुसऱ्या दालनाच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतं आणि तिसऱ्या चित्राच्या शेजारच्या भिंतीवर पडतं. चित्रावर नाही, भिंतीवर. चित्राला तेवढाच उजेड पुरतो.

"आणि चौथं?" मी विचारलं.

"चौथं नसतं. एका भेटीत तीनच. चौथं पाहिलं की पहिलं पुसलं जातं."

पहिल्याच वर्षी त्यांनी मला बरोबर नेलं. म्हणजे माझ्या डोळ्यांवर स्वित्झर्लंडचा जो परिणाम झाला होता त्यावर उपचार म्हणून. पहिल्या चित्रासमोर मी अर्धा तास बसलो. तोपर्यंत आयुष्यात कोणत्याही स्थिर वस्तूसमोर मी अर्धा तास बसलो नव्हतो, परीक्षेत पेपरसमोरसुद्धा नाही. दुसऱ्या चित्रासमोर बसलो आणि पाय मोकळे करायला म्हणून चार पावलं सरकलो, तर शेजारच्या भिंतीवर वाघाच्या शिकारीचं एक भलंमोठं, झकास चित्र होतं. मी तिकडे मान वळवली. झालं!

"इंगळे! बाहेर!"

मनोऱ्यावरची कबुतरं उडाली. रखवालदार काठी घेऊन धावत आला आणि बाईंना बघून सलाम ठोकून परत गेला. सव्वीस वर्षांचा, महिन्याला पाच आकडी पगार घेणारा मी, व्हरांड्यात खांबाला टेकून पाऊण तास उभा राहिलो. तिसरं चित्र मला दिसलंच नाही. परतीच्या वाटेवर मी रुसून विचारलं, "काय होतं हो एवढं त्या तिसऱ्यात?" बाई म्हणाल्या, "वाघ नव्हता."

पुढची दोन-तीन वर्षं त्या रिक्षाने एकट्याच गेल्या. मग एकदा उन्हाळ्यात माझ्या दारात आल्या. हातात वर्तमानपत्र होतं. "हे वाचून दाखवाल का रोज सकाळी? तुमची बस यायच्या आधी. दहा मिनिटं. मधल्या ओळीवर कुणीतरी खोडरबर फिरवतंय."

दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग झिजत चालला होता. डॉक्टर म्हणाले होते, कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. वर्ष, फार तर सव्वा वर्ष. हे त्यांनी मला एखाद्या मुलीच्या चित्रात काय चुकलंय ते सांगावं तसं सांगितलं. मी सकाळी सातला पेपर वाचायला लागलो. अग्रलेख, निधनवार्ता, आणि त्यांचं लाडकं सदर म्हणजे वाचकांची पत्रं. पुण्यातला माणूस बायकोशी बोलत नसेल, पण संपादकाला पत्र लिहितो. बाईंची स्वतःची सतरा छापून आली होती. त्यातली नऊ एका पुलाच्या रंगाबद्दल होती.

भाद्रपदात एके दिवशी पेपर संपल्यावर त्या म्हणाल्या, "कार्तिकात एका मंगळवारी तुमची गाडी लागेल. रिक्षाचा नंबर दिसत नाही मला, आणि तिथल्या पायऱ्याही मोजाव्या लागतात. जमणार नसेल तर आत्ता सांगा."

"न जमायला काय झालं? सुट्टीच काढतो."

"तीन नाही, या वेळी एकच बघायचंय. तिसरं." मग थोडं थांबल्या. बाई थांबत नसत, म्हणून लक्षात राहिलं. "कुसुमने काढलेलं आहे ते. तिथे शिकताना माझ्या वर्गात होती. लग्न होऊन गेली आणि दोन वर्षांत बाळंतपणात वारली. तिचं दुसरं काही उरलेलं नाही. खिडकीपाशी पाठमोरी बसलेली मुलगी आहे त्यात. ती पाठ माझी आहे."

मी म्हणालो, "वा!"

"वा कसलं? स्वतःची पाठ कुणाला दिसते का? मला वर्षातून एकदा दिसते. या वर्षी दिसेल. पुढच्या वर्षी नाही दिसणार."

अर्ज गेला. अक्षरं बोराएवढी मोठी, ओळी डोंगर चढणाऱ्या. परवानगीचं पत्र आलं. आराखडा झाला, पट्टीने आखायला मीच मदत केली. मंगळवार उजाडला.

आता माझी बाजू ऐका. त्या दिवशी अमेरिकेतला एखादा सर्व्हर जळाला असता, साहेबाने माझ्या कानाला पिस्तूल लावलं असतं, तर मी तेच सांगितलं असतं. तसं काहीही नव्हतं. सुट्टी अर्ध्या दिवसाचीच काढली होती, म्हणून सकाळी ऑफिसला गेलो, आणि अकराला मला कळलं की कंपनीने मला 'महिन्याचा तारा' ठरवलंय. चार वाजता कॅन्टीनमध्ये केक, फोटो, आणि तो फोटो महिनाभर लिफ्टच्या दारावर. मला त्या लिफ्टच्या दारावर जायचं होतं. बस, एवढंच.

एक वाजता मी बाईंना फोन केला. "अहो बाई, आत्ताच संग्रहालयातून कळलं. बंद आहे हो."

"का?"

इथे गप्प बसलो असतो, 'काही काम चाललंय' म्हणालो असतो, तरी भागलं असतं. पण मला साधं खोटं बोलताच येत नाही. खोट्याला झालर लागल्याशिवाय माझ्या तोंडून ते बाहेरच पडत नाही. "वाळवी!" मी म्हणालो. "भयंकर वाळवी लागलीय बाई! तुळईच्या तुळई पोखरून टाकलीय. काल एक तुकडा कोसळला म्हणे, एक प्राध्यापक चष्म्यावर निभावले. तीन खुर्च्या आणि एक कपाट फस्त केलंय, आता दुसऱ्या दालनाकडे निघालीय."

"दुसऱ्या दालनात पोचली?" बाईंचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"नाही नाही," मी उदार मनाने म्हणालो, "अजून चार-पाच फूट लांब आहे."

चार वाजता मी केक कापला. लिफ्टवरच्या फोटोत माझ्या मिशीला क्रीम होतं.

मला वाटलं होतं, नवा अर्ज करून पुढच्या एखाद्या मंगळवारी नेऊ. पण मी बाईंना विसरलो होतो. पुढचा मंगळवार उगवायच्या आत त्यांनी कुलसचिवांना पत्र टाकलं, कुलगुरूंना टाकलं, आणि अर्थातच संपादकांना टाकलं. शुक्रवारी सकाळी मी पेपर उघडला तर पत्रांच्या सदरात सगळ्यात वर, चौकटीत: 'संग्रहालयाला वाळवीचा विळखा'. खाली सिंधू बर्वे. चष्म्यावर निभावलेले प्राध्यापकसुद्धा होते त्यात. मी पान उलटून निधनवार्तांकडे वळलो.

"वाचा की," बाई म्हणाल्या. "छापलंय ना?"

रविवारी विद्यापीठाचा खुलासा आला. तोसुद्धा मीच वाचला. त्यात दोन वाक्यं होती. पहिलं असं की संग्रहालय नियमित सुरू असून दर मंगळवारी अभ्यागतांसाठी खुलं असतं. दुसरं असं की तरीही वाचकांच्या काळजीची दखल घेऊन इमारतीची तपासणी करण्यासाठी समिती नेमण्यात आली आहे. माझ्यासमोर खुर्चीत बाई बसल्या होत्या, मान किंचित वाकडी करून; अलीकडे माणूस दिसावा म्हणून त्या तसं बघायच्या. मी पहिलं वाक्य गाळलं. दुसरंच मोठ्याने वाचलं.

"समिती नेमली? छान," बाई म्हणाल्या. "तुमच्यामुळे वेळेत कळलं, इंगळे."

समितीत सात जण होते. त्यांनी सहा आठवडे फक्त चहा घेतला असता तर सगळं निभावलं असतं. पण त्यांच्यात एक खरोखर काम करणारा माणूस निघाला. तो शिडी लावून वर चढला, त्याने तुळईवर हातोडीची मूठ ठोकली, आणि मूठ आत गेली. आईशप्पथ सांगतो, वाढवून नाही: वाळवी होती! मनोऱ्यापासून दुसऱ्या दालनाच्या दारापर्यंत. चित्रं उतरवून बांधून ठेवली गेली, इमारतीला कुलूप लागलं, दारावर पाटी लागली: 'दुरुस्तीसाठी अनिश्चित काळ बंद'.

सोसायटीच्या वार्षिक सभेत चिटणिसांनी बाईंचं आणि माझं अभिनंदन केलं. जागरूक नागरिक म्हणून मला नारळ मिळाला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. तो नारळ मी फोडला नाही. पुढे तो आपोआप तडकला, तेव्हा वास आला म्हणून टाकला.

कार्तिक गेला. दुसरा कार्तिकही गेला. मधल्या काळात मी दर महिन्याला त्या दारापाशी जाऊन यायचो. पाटी हलली का बघायचो, रखवालदाराला चहा पाजायचो, ठेकेदाराच्या माणसांना हातापाया पडून घाई करायचो. बाईंना यातलं सांगायचो नाही. त्याही विचारत नसत. एकदा सांगून झालं होतं ना. त्यांच्याकडे भाजीवाला आता स्वतः वर यायचा आणि वांगी हातात द्यायचा. त्या ती चाचपायच्या, अंगठा पुढे न धरता. सकाळच्या पेपरात मी आता अक्षर न अक्षर वाचायचो. जाहिराती, छापखान्याचा पत्ता, सगळं. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "इंगळे, गाळा की थोडं!" मला चहा गेला नाही त्या दिवशी.

तिसऱ्या कार्तिकात संग्रहालय उघडलं. मी अर्ज केला. मंगळवारी अर्धी नाही, अख्खी सुट्टी काढली. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली आणि स्टूल स्वतः उचललं. पायऱ्या त्यांनी मोजल्या, सतरा. आत वाळवीच्या औषधाचा आणि नव्या रोगणाचा वास. रखवालदार तोच, त्याने सलाम केला, आणि तो त्यांना दिसला नाही हे कळल्यावर तोंडाने म्हणाला, "नमस्ते बाई."

चार वाजून दहा मिनिटांनी भिंतीवर ऊन आलं. बाईंनी स्टूल ठरलेल्या फरशीवर मांडलं. त्या चित्राकडे बघत नव्हत्या. आधी चित्राच्या उजव्या बाजूच्या भिंतीकडे बघितलं, मग डाव्या, मग वर, मग खाली. कडेच्या नजरेत काही सापडतंय का ते शोधत होत्या. बराच वेळ. मी मागे उभा होतो.

"खिडकीची चौकट सापडतेय," त्या म्हणाल्या. "पाठ नाही सापडत." मग म्हणाल्या, "तुम्ही सांगा. जेवढं आहे तेवढंच."

बोलण्यावर मी आयुष्य काढलंय. अकोल्यात असताना शेजारच्या गल्लीतल्या आगीचं असं वर्णन केलं होतं की बंब माझ्याच घरी आला. पण तिथे तोंड उघडायला मला जेवढा वेळ लागला तेवढा कधी लागला नव्हता. "मुलगी आहे, बाई," मी म्हणालो. "पाठमोरी. स्टुलावर बसलीय. पांढरं पोलकं. शेपटा एकच, डाव्या खांद्यावरून पुढे घेतलाय, म्हणून मान उघडी आहे. मान जरा पुढे झुकलीय. पोलक्याचं एक हूक नाही. तिथे पिन लावलीय."

"पिन आहे?"

"आहे. पिवळट रंगाची. म्हणजे..." मी नीट बघितलं. "जुन्या पितळी डब्याच्या झाकणाच्या रंगाची."

बाई हसल्या. "वर्गात येतानाच तुटलं होतं ते हूक. मी म्हटलं, मला नाही बसायचं असं. कुसुम म्हणाली, बस गं, पाठीला कोण बघतंय." ऊन सरकून गेल्यावर उठल्या.

परत येताना पुलाच्या अलीकडच्या सिग्नलला गाडी थांबली. पुढे नळ स्टॉपपर्यंत गाड्याच गाड्या. त्या पुढच्या महिन्यात मिरजेला भाचीकडे कायमच्या जाणार होत्या, आणि तिकडेच, दोन वर्षांनी, गेल्या. मला माहीत होतं की हे आज नाही सांगितलं तर सांगायचं राहणार. मी स्टिअरिंगकडे बघत सगळं सांगून टाकलं. संग्रहालय त्या मंगळवारी बंद नव्हतं. वाळवी मी लावली. प्राध्यापकही मीच घातले. पेपरातलं पहिलं वाक्य मी गाळलं. आणि का, तर केक होता. लिफ्टवर फोटो लागणार होता. काहीही वाढवलं नाही, कशालाही झालर लावली नाही. "तुम्हाला तेव्हा दिसलं असतं, बाई," मी म्हणालो.

बाईंनी मान थोडी वाकडी करून माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या कानाच्या पलीकडे, खिडकीबाहेर.

"मागचा हॉर्न वाजवतोय," म्हणाल्या.